आठ दिवसांचं यकृत

एसजीपीटी चार हजारांच्या वर होतं, ते तिसऱ्या दिवशी सातशेवर आलं आणि तिची आई पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या लॅबच्या काउंटरशी उभी राहिली. "आकडो खाली इलो मा गो बाय?" मी हो म्हटलं, कारण आकडा खरोखरच खाली आला होता. पण त्याच कागदावर कावीळीचा पिवळेपणा दाखवणारं बिलिरुबिन अकरावरून एकोणीसवर चढलं होतं आणि रक्त गोठण्याचा हिशोब सांगणारा आयएनआर चारच्या पुढे गेला होता.

एसजीपीटी हे यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात सांडणारं एन्झाइम. ते वाढतं तेव्हा पेशी मरत असतात. ते झपाट्याने उतरलं आणि बाकीचं बिघडतच राहिलं, तर समजायचं की फुटायला आता पेशीच फारशा शिल्लक नाहीत. सव्वीस वर्षं मी कणकवलीत लॅब चालवते आहे. असे कागद माझ्या हातून मोजकेच गेले, पण त्यातला एकही विसरता आलेला नाही. पेढा मी घेतला. खाल्ला नाही. डॉक्टरांना लगेच फोन केला, त्यांनीही तोच अर्थ लावला होता.

मुलगी बावीस वर्षांची, आठवा महिना, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. श्रावणातला पाऊस, गढूळ झालेली विहीर आणि त्यातून हिपॅटायटिस ई. ही कावीळ बहुतेकांना महिनाभर आडवं पाडते आणि सोडून देते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र ती चार-पाच जणींमागे एकीचा जीव घेऊ शकते. तिला गोव्याला नेलं. तिथून मुंबईला हलवा म्हणाले, यकृत बदलावं लागेल म्हणाले. आईचा रक्तगट जुळेना, नवरा जहाजावर, भावाचं वय सोळा. कोण देणार, पैसे कुठून आणणार, ॲम्ब्युलन्समध्ये सोबत कोण, यावर घरात बोलणी चालू असताना चौथ्या रात्री ती गेली. बाळही गेलं.

तिला नवं यकृत हवं होतं असं त्या चार दिवसांत सगळ्यांच्या तोंडी होतं. तेव्हापासून जे वाचत आले, यकृताच्या डॉक्टरांना विचारत आले, त्यावरून मला वाटतं की तिला कदाचित आठ-दहा दिवसच हवे होते. त्या आठ-दहा दिवसांसाठी हा लेख आहे.

यकृत हा आपल्या शरीरातला एकच मोठा अवयव असा की जो कापला तरी पुन्हा भरून येतो. मोठ्या माणसाचं यकृत साधारण सव्वा ते दीड किलोचं. निरोगी असेल तर त्यातला अर्ध्याहून मोठा भाग काढला तरी उरलेला भाग काही महिन्यांत जवळजवळ मूळच्या वजनाला येतो. कापलेली पाकळी परत उगवत नाही, उरलेलीच फुगून तिचं काम उचलते. बापाने मुलाला, बायकोने नवऱ्याला यकृताचा तुकडा देता येतो तो याच गुणामुळे. आपल्याकडे गावोगाव कावीळ उतरवणारे आहेत. चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, पाणी पिवळं होतं, लोकांना बरं वाटतं. त्यांच्याकडे गेलेले बहुतेक जण खरंच बरे होतात, कारण ए आणि ई या कावीळी बहुतेकांच्या आपोआपच बऱ्या होतात. पिढ्यान्‌पिढ्या त्या माणसांना मिळालेलं श्रेय खरं तर यकृताचं आहे.

मग काही जण का जातात? कारण पेशी एवढ्या वेगाने मरतात की उरलेल्यांना वाढायला वेळच मिळत नाही. रक्तातला अमोनिया मेंदूत चढतो, रक्त गोठवणारी प्रथिनं तयार होत नाहीत, मूत्रपिंड बंद पडतात. यकृत परत उभं राहायला निघालेलं असतं आणि त्याआधीच माणूस संपतो. मूत्रपिंडांना डायलिसिस आहे, फुप्फुसाला व्हेंटिलेटर आहे. यकृताला तसा भरवशाचा टेकू नाही. रक्तद्रव बदलण्याचा उपचार काहींना तगवतो, पण यकृत पाचशेच्या वर कामं करतं असं म्हणतात आणि त्यातली बरीचशी कुठल्याही यंत्राला जमत नाहीत. ती फक्त जिवंत पेशींना जमतात.

म्हणूनच प्रयोगशाळेत यकृताची ऊती, म्हणजे टिश्यू, घडवण्याचा विचार पुढे आला. पण या विषयाची बातमी आपल्याकडे येते ती नेहमी एकाच थाटात: यकृत छापलं, आता प्रत्यारोपणाची गरज संपली. २०१५ साली बंगळुरूच्या पॅन्डोरम टेक्नॉलॉजीज या कंपनीने मानवी यकृताची छोटी ऊती त्रिमितीय छपाईने तयार केल्याचं जाहीर केलं, तेव्हा माझ्याच लॅबमध्ये एका पेशंटच्या मुलाने कात्रण आणून विचारलं होतं, "हे कधी मिळेल?" ती ऊती औषधांच्या चाचण्यांसाठी होती, माणसात बसवण्यासाठी नव्हती. त्याला हे समजावून सांगताना त्याचा चेहरा कसा पडला ते मला आठवतं. अमेरिकेतली ऑर्गनोव्हो ही या क्षेत्रातली सर्वांत गाजलेली कंपनी. तिने २०१९ साली यकृत-ऊतीचा आपला उपचारांचा कार्यक्रम थांबवला.

अडचण कुठे आहे ते सांगते. शरीरातली कुठलीही पेशी रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापेक्षा लांब असली की गुदमरते. म्हणजे कागदाच्या दोन पानांएवढ्या जाडीच्या पुढे गेलात की आत रक्त नेणारी नळी हवीच. यकृतात मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त शिरतं, तेही दोन वाटांनी: तीन-चतुर्थांश आतड्यांकडून, बाकीचं हृदयाकडून. शिवाय पित्त उलट्या दिशेने बाहेर वाहून नेणाऱ्या नळ्या वेगळ्याच. नासाने २०१६ साली स्पर्धा लावली होती: एक सेंटिमीटर जाडीची ऊती रक्तवाहिन्यांसकट तीस दिवस जिवंत ठेवून दाखवा. ती २०२१ साली जिंकली गेली, अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या दोन गटांनी, आणि दोघांनीही यकृताचीच ऊती बनवली होती. हे यश मोठं आहे. पण एक सेंटिमीटरपासून दीड किलोपर्यंतचा रस्ता फार लांब आहे आणि तो आमच्या मुंबई-गोवा महामार्गासारखाच तारखा देत देत सरकणार, हे आधीच मान्य केलेलं बरं.

माझं म्हणणं असं आहे की पूर्ण यकृत बनवण्याच्या स्वप्नामागे सगळा पैसा आणि सगळी आशा लावू नये. आधी आठ-पंधरा दिवसांचं यकृत बनवावं. छोटं, तात्पुरतं, पोटात सोडता येईल असं, आणि जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत पोचेल असं.

हे हवेतलं बोलणं नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये अनिल धवन यांच्या गटाने यकृताच्या पेशी अल्जिनेटच्या मण्यांमध्ये बंद करून, यकृत अचानक निकामी झालेल्या तान्ह्या आणि लहान मुलांच्या पोटात सोडल्या. मण्याच्या भिंतीतून अमोनिया आत जातो, प्रथिनं बाहेर येतात, पण मुलाच्या रक्तातल्या लढाऊ पेशी आत शिरू शकत नाहीत. त्यामुळे प्रत्यारोपणानंतर जन्मभर घ्यावी लागतात तशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं इथे लागत नाहीत. पहिल्या आठ मुलांपैकी चौघांना प्रत्यारोपण करावंच लागलं नाही, त्यांचं स्वतःचं यकृत परत उभं राहिलं. आठ हा आकडा लहान आहे आणि त्यावरून उड्या मारू नयेत, हे मला कळतं. रोज आकडेच वाचणारी बाई आहे मी. पण दिशा दिसायला आठ पुरतात.

अल्जिनेट कशापासून निघतं? तपकिरी समुद्रशेवाळापासून. मालवणच्या खडकांवर ओहोटीला सरगॅसमचे जे पिवळट तपकिरी झुबके दिसतात, ते त्याच कुळातले. त्याचं द्रावण कॅल्शियमच्या पाण्यात थेंब थेंब सोडलं की साबुदाण्यासारखे मणी होतात, शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येतात. किनाऱ्यावर वाढलेल्या कोणाही मुलाला मी हे आधी दाखवेन आणि मग पुढचं शिकवेन.

खरी अडचण मण्यात नाही, आत भरायच्या पेशींमध्ये आहे. किंग्जमधल्या पेशी दान केलेल्या पण प्रत्यारोपणाला न चाललेल्या यकृतांतून काढलेल्या होत्या. म्हणजे तिथेही दाता लागलाच. गंमत अशी की शरीरात एवढ्या हिरिरीने वाढणारी यकृताची पेशी काचेच्या बशीत ठेवली की वाढायचं नाव घेत नाही, काही दिवसांत आपलं कामही विसरते. यावर दोन वाटा आहेत. अमेरिकेत लायजेनेसिस नावाची कंपनी दात्याच्या यकृतपेशी रुग्णाच्या लसीका गाठीत, म्हणजे लिम्फ नोडमध्ये, टोचून तिथेच छोटं यकृत वाढवू पाहते आहे. पहिल्या रुग्णाला ते २०२४ साली दिलं गेलं, आणि एका दात्यातून अनेकांना पुरेल अशी त्यांची आशा आहे. पण त्या गाठीत यकृत वाढायला महिने लागतात, माहेरी आलेल्या त्या मुलीकडे फक्त दिवस होते. दुसरी वाट मूळ पेशींची, म्हणजे स्टेम सेल्सची. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि पुढच्या वर्षी माणसाच्या साध्या त्वचेच्या पेशी उलट्या फिरवून त्यांना पुन्हा कोऱ्या पेशी बनवलं. त्याला २०१२ चं नोबेल मिळालं. तशा कोऱ्या पेशींपासून ताकानोरी ताकेबे यांनी जपानमध्ये २०१३ साली यकृताची इवलीशी कळी बनवली आणि उंदराच्या अंगात सोडली. दोन दिवसांत तिला उंदराच्या रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या.

ही जोडणी वाचताना मला आमच्या घरामागची कलमं आठवली. खुंटाचा आणि काडीचा रस एकमेकांत मिसळला की कलम धरतं, नाही तर वरून हिरवं दिसतं आणि पंधरवड्यात सुकतं. माझे वडील पट्टी सोडण्याआधी दहा वेळा बघायचे.

मोठ्या माणसाला तगवायला त्याच्या यकृताच्या वजनाच्या पाच-दहा टक्के इतक्या चालू पेशी पुरतील असा अंदाज धरला जातो. म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास. दीड किलोच्या मानाने हा घास आवाक्यातला. पित्तनलिका नसल्या तरी पंधरवडा निभावता येईल, कारण हे यकृत कायम राहायला आलेलंच नाही. रुग्णाचं स्वतःचं यकृत सावरलं की मणी धुऊन काढता येतात. हेतू लहान केल्याबरोबर अडचणीही किती लहान होतात पाहा.

कोकणातल्या माणसाने याकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहायला हवं, याचं कारण अंतर. मेंदू मृत झालेल्या दात्याचं यकृत बर्फात ठेवलं तर साधारण आठ ते बारा तासांत बसवावं लागतं. वेळेचा हा हिशोब मोठ्या शहरांच्या बाजूने आहे. ग्रीन कॉरिडॉर मुंबईत होतो, पुण्यात होतो. कणकवलीहून मुंबई साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, कोल्हापूर घाटापलीकडे आणि पावसात दरड केव्हा येईल ते सांगता येत नाही. अवयव आमच्याकडे येऊच शकत नाही, आम्हालाच अवयवाकडे जावं लागतं. चढलेला आयएनआर, गुंगीत असलेला माणूस आणि ॲम्ब्युलन्समधले दहा तास, हे समीकरण मी किती वेळा फसताना पाहिलं आहे.

मणी मात्र येऊ शकतात. गोठवून ठेवता आले तर. गोठवलेल्या यकृतपेशी वितळवताना बऱ्याच मरतात, हा आजचा खरा प्रश्न आहे आणि संशोधनाचा पैसा तिथे लावला पाहिजे. "उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन खेड्यात कोण नेणार?" असं मला एका डॉक्टरांनी विचारलं. मी त्यांना म्हटलं, "सर, तुमच्या तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात जाऊन या." गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेलं वीर्य द्रव नायट्रोजनच्या टाकीतच येतं, आणि ती टाकी मोटरसायकलला बांधून वाडीवाडीत नेणारे लोक महाराष्ट्रात कित्येक वर्षं आहेत. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था उभी केली आणि ही सेवा गोठ्याच्या दारात नेली. जी थंडी गाईच्या वासरासाठी वाडीत पोचते, ती बाळंतिणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पोचवणं अशक्य आहे असं मला कोणी सांगू नये.

आता जरा नाजूक गोष्ट. जिवंत माणसाकडून यकृत घेणं आपल्या देशात रुजलं याचं कारण मरणोत्तर दान रुजलं नाही. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. १९९८ साली दिल्लीत दोन वर्षांहून लहान असलेल्या एका मुलाला वडिलांनी यकृताचा तुकडा दिला आणि ते प्रत्यारोपण यशस्वी झालं. तेव्हापासून भारतीय शल्यविशारदांनी या शस्त्रक्रियेत जगात नाव कमावलं, आणि ते खरंच कौतुकाचं आहे. पण स्पेनमध्ये दहा लाख लोकांमागे चाळीसहून अधिक जण मेल्यावर अवयव देतात, आपल्याकडे एकही पुरता होत नाही. ती उणीव कोण भरून काढतं? घरातली बाई. देशात जिवंत दात्यांमध्ये बायका जास्त आणि अवयव घेणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त, ही गोष्ट आता सरकारी आकड्यांतही लपत नाही. आणि यकृताची उजवी पाकळी देणं म्हणजे रक्त देणं नव्हे. दोनशे ते पाचशे दात्यांमागे एक दाता दगावतो.

माझ्या मावसबहिणीने नवऱ्याला दिलं. दोघंही बरी आहेत, देवाची कृपा. त्याचा आजार अचानक उफाळला होता, दोन दिवसांत ठरवायचं होतं. घरात थोरले दीर म्हणाले, "वैनींचो रक्तगट जुळता." पुढच्या सकाळी तिच्या तपासण्या सुरू झाल्या. प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे तिला विचारलं तेव्हा तिने हो म्हटलं, सही केली, व्हिडिओही झाला. कायद्याने सगळं बरोबर. दोन वर्षांनी पडवीत तांदूळ निवडताना ती मला म्हणाली, "माका घरात कोणी इचारूकच नाय गो." तिने कदाचित विचारल्यावरही हो म्हटलं असतं, नवऱ्यावर तिचा जीव आहे. पण विचारायला आणि विचार करायला वेळच नव्हता. ज्या घरात बाईने नाही म्हणणं मुळातच अवघड, त्या घरात अठ्ठेचाळीस तासांत ते कसं शक्य व्हावं?

पंधरा दिवसांचा टेकू मिळाला तर रुग्णाच्या यकृताला वेळ मिळेल, तसाच तिलाही मिळेल. माहेरी जाऊन यायला, दुसऱ्या डॉक्टरांना विचारायला, दुसरा कोणी नातेवाईक शोधायला, मेंदूमृत दात्याची वाट पाहायला आणि वाटलं तर नाही म्हणायला. या संशोधनाच्या चर्चेत मी हा मुद्दा कुठे वाचलेला नाही. माझ्या मते तो पहिल्या तिघांत असायला हवा.

"आधी विहिरी स्वच्छ करा, मग यकृताच्या गप्पा," असं म्हणणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत आणि त्यांचा राग खरा आहे. हिपॅटायटिस ई हा पाण्याचा रोग आहे. पावसाआधी प्रत्येक विहिरीत क्लोरीन पडलं आणि संडासाचं पाणी विहिरीपासून लांब ठेवलं तर माझ्याकडचे निम्मे कावीळीचे नमुने कमी होतील. ते झालंच पाहिजे, त्यासाठी ग्रामसभेत मी भांडलेली आहे. पण एक सांभाळलं म्हणून दुसरं सोडावं हे मला पटत नाही. हिपॅटायटिस बीची लस घ्या. यीस्टमध्ये विषाणूचं जनुक घालून ती बनते, तीही कधीकाळी बड्या लोकांची, परदेशातून येणारी लस होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली ती इथे बनवली, किंमत कित्येक पटींनी कोसळली. आज सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला चोवीस तासांच्या आत ती फुकट टोचली जाते. हिपॅटायटिस सीच्या गोळ्यांचा बारा आठवड्यांचा कोर्स अमेरिकेत ८४ हजार डॉलर्सना निघाला होता. भारतीय कंपन्यांनी तोच बनवला आणि २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमापासून तो सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळतो. हे दोन्ही काल उच्च तंत्रज्ञानच होतं. विहिरीतलं क्लोरीन आणि प्रयोगशाळेतली पेशी यांचं भांडण लावणाऱ्यांनी या दोन उदाहरणांचं काय करायचं ते सांगावं.

भांडण लावायचंच तर मालकीवर लावा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून कर्करोगावरची कार-टी पेशींची उपचारपद्धत तयार झाली, २०२३ साली तिला मान्यता मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे तीस-चाळीस लाखांत आला. जिवंत पेशींचा उपचार मुंबईत बनू शकतो हे त्यातून सिद्ध झालं, मला त्याचा अभिमान आहे. पण चाळीस लाख ही रक्कम देवगडच्या बागायतदारालाही बाग विकायला लावते, खलाशाची तर गोष्टच सोडा. आजचं यकृत-प्रत्यारोपणही खासगीत वीस-तीस लाखांना जातं, वर जन्मभराची औषधं. यकृताच्या मण्यांचं तसंच झालं तर या लेखातलं एकही वाक्य आमच्या कामाचं नाही.

म्हणून पेशींची बँक सरकारी हवी. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, परळला हाफकिन आहे. १८९७ साली वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती, त्या परंपरेची ती संस्था. राज्याने या दोघांना एक ठरावीक काम द्यावं: सर्व रक्तगटांना चालेल अशी यकृतपेशींची ओळ, मण्यात भरून, गोठवून, वितळवल्यावर काम करणारी, आणि तिचं तंत्र कुठल्याही सार्वजनिक रुग्णालयाला मोकळं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोय कलमाची पद्धत बसवून दिली तेव्हा ती कुलपात ठेवली नाही. रोपवाटिकेत काम करणाऱ्या बायकाही ती शिकल्या. पुढे १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि कातळावर आंबा-काजू उभा राहिला. शास्त्र विद्यापीठाचं, पैसा सरकारचा, हात लोकांचे. कोकणाने हे एकदा करून पाहिलेलं आहे.

आणि चाचण्या इथेही व्हाव्यात, फक्त महानगरांत नकोत. महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाने मरणारी माणसं पाहिली, तिथेच टिपणं काढली, रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरून पाहिली आणि मृत्यूचं प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आणलं. ते संशोधन लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. रोग जिथे आहे तिथला डॉक्टरच तो नीट पाहतो. मात्र चाचणी म्हणजे चाचणी, रीतसर नोंदणी केलेली, नीतिसमितीने पाहिलेली, मालवणीत समजावून सांगितलेली आणि काही बिघडलं तर भरपाई देणारी. मूळ पेशींच्या नावाखाली लाखो रुपये उकळणारी दुकानं देशात आहेत. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारखे मान्य उपचार सोडून मूळ पेशी विकायला मनाई केलेली असतानाही. मुंबईहून परतताना तशा एका दुकानाचं माहितीपत्रक घेऊन आलेला माणूस माझ्या काउंटरवर उभा होता. शेत विकायच्या तयारीत. त्याला सिऱ्होसिस होता.

सिऱ्होसिसचं मी अजून बोलले नाही, कारण तिथे माझा युक्तिवाद तोकडा पडतो. दारूने, चरबीने, जुन्या बी-सी कावीळीने वर्षानुवर्षं वळ पडत गेलेलं यकृत पंधरा दिवसांच्या टेकूने परत उभं राहत नाही. आणि रांगेतले बहुतेक लोक याच आजाराचे आहेत. त्यांच्यासाठी मण्यांचा उपयोग फार तर अवयव मिळेपर्यंत तग धरण्यापुरता. पूर्ण यकृत प्रयोगशाळेतून येईपर्यंत त्यांना मरणोत्तर दानाशिवाय आधार नाही. म्हणून ऊतीच्या आशेवर दानाची चळवळ ढिली पडू देता कामा नये. प्रत्यारोपण न करणाऱ्या, पण अतिदक्षता विभाग असणाऱ्या रुग्णालयाला अवयव काढण्यापुरती नोंदणी कायद्याने घेता येते. महामार्गावर अपघात होतात, डोक्याला मार लागून तरणी मुलं जातात, आणि त्यांच्या घरच्यांना अवयवांबद्दल विचारायला कोणी प्रशिक्षित माणूस तिथे नसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी तेवढं एक पद भरलं तरी खूप. शिवाय अवयव काढायला जे पथक आणि जी खोली लागते, तीच उद्या पेशी काढायला लागणार आहे. ज्या यकृतात चरबी जास्त म्हणून ते प्रत्यारोपणाला नाकारलं जातं, त्यातूनही मण्यांसाठी पेशी मिळू शकतात. दान आणि ऊती ही एकमेकांना खाणारी कामं नाहीत, पहिल्याशिवाय दुसरं सुरूच होत नाही.

यंदाच्या पावसाळी अधिवेशनाआधी मी आमच्या आमदारांना पत्र दिलं आहे. त्यात तीन मागण्या लिहिल्या: अवयव काढण्याच्या नोंदणीसाठी जिल्ह्यात एक समन्वयक, गरोदर बाईला कावीळ झाली की त्याच दिवशी आयएनआर फुकट तपासण्याची सोय, आणि पुणे-परळच्या संस्थांना यकृतपेशींच्या बँकेसाठी निधी. ते म्हणाले, पहिल्या दोन समजल्या, तिसरी जरा समजावून सांगा. मी त्यांना लॅबवर बोलावलं आहे. त्या मुलीचे तिन्ही दिवसांचे रिपोर्ट माझ्या रजिस्टरमध्ये अजून आहेत, नाव झाकून मी तेच दाखवणार आहे.